सोजर प्रीमियम

मेडशी,
१९ डिसेंबर २०२५

दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. बाबांची सोयाबीन कधीच घरात आली, तूर उभी आहे, थंडी बरी पडली आहे. आई बरी आहे. सध्या जगदेवकाकांच्या नर्सरीत कलमांना जात नाही.

पत्र पाहून तू हसशील. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं वाचायच्या आधीच अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा होतोस. कागद निदान उघडावा तरी लागतो.

मी घरी येऊन तीन आठवडे होत आले. का आले, ते तू विचारलं नाहीस. नागपूरच्या प्रयोगशाळेत एवढी रजा कोणाला मिळत नाही हे तुला माहीत आहे. तरी नाही. तू फक्त माझ्या रिकाम्या वेळाचा उपयोग शोधलास.

तुझा निरोप असा होता: "मंजू, ह्या पाच स्टीलमधलं सगळ्यात भारी कोनतं, ते दोन पानात लिहून दे. खाली तुहं नाव टाकतो, एम.टेक. सकट. 'सोजर प्रीमियम'ले वजन येईन." चाकूच्या ब्रँडला आईचं नाव, खोक्यावर बहिणीची पदवी. घरातलं आणखी काही छापण्यासारखं उरलं असेल तर बघ. बाबांची पगडी अजून माळ्यावर आहे.

तर स्टीलबद्दल. भारी म्हणजे काय, ते तू सांगितलं नाहीस, कारण तुला ते माहीत नाही. स्टील भारी नसतं. ते कशासाठी तरी बरं असतं आणि त्याच कारणाने दुसऱ्या कशासाठी वाईट असतं. धार टिकायची तर स्टीलमध्ये कार्बाइडचे कण हवेत. ते खड्यासारखे कठीण असतात. ते वाढवले की चिवटपणा घटतो आणि धार लावणंही जड जातं. गंज अडवायला क्रोमियम लागतं, पण त्यातलं बरंचसं हे कणच खाऊन टाकतात. मोकळं उरतं तेवढंच कामाला येतं. हे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. तू पहिल्या वर्षानंतर उद्योजक झालास, त्यामुळे तुझा राहून गेला असेल तो भाग.

तुझ्या यादीतला मानाचा पाहुणा म्हणजे एम ३९०, तुझ्या आताच्या चाकूचं स्टील. हे पावडर दाबून बनवतात, त्यामुळे कण बारीक आणि सारखे पसरलेले असतात. पण असतात मात्र भरमसाट. दिवसभर पुठ्ठे आणि दोर कापायचे आहेत आणि धार लावायचा कंटाळा आहे, अशा माणसाला उत्तम. जे चाकू खिशात ठेवतात आणि त्याच्याने काही कापण्यापेक्षा त्याच्याबद्दल बोलतात, तेही हेच घेतात. एस ३५ व्हीएन त्याच घराण्यातलं, पण थोडं समजूतदार. त्यात नायोबियम असतं, त्याने चिवटपणा वाढतो. संत्र्याच्या कलमा करायच्या चाकूला तेही गरजेपेक्षा जास्तच आहे.

४४०सी जुनं आहे. त्याच्यापुढे तू 'सर्जिकल' असं लिहिलं आहेस. ते खोड. त्यातले कण मोठे असतात, आणि पात्याला कलमेला लागते इतकी पातळ धार केली की एखादा कण धारेतून निखळतो आणि तिथे खाच पडते. नुसत्या नजरेला ती दिसत नाही, पण संत्र्याच्या सालीला कळते. काप चिरडला जातो आणि बसवलेला डोळा, म्हणजे कलमेचा कोंब, चार दिवसांत काळा पडतो.

राहिली दोन. एईबी-एल हे दाढीच्या पात्यांसाठी बनलेलं स्टील आहे. कार्बन बेताचा, कण अगदी बारीक, चिवट, आणि ओल्या दगडावर लगेच धार घेणारं. १४सी२८एन त्याचंच भावंड. त्यात थोडा नायट्रोजन घातलेला असतो, म्हणून ज्यावर संत्र्याचं कलम चढवतात त्या जंभेरीच्या आंबट रसात ते जास्त दिवस डागाळत नाही. कलमेच्या चाकूला ह्या दोघांतलं कोणतंही चालेल. तू दोन्ही शेवटी टाकलीस, कारण ती स्वस्त आहेत, आणि स्वस्त म्हणजे हलकं असं तुला पुण्यात कोणीतरी शिकवलं आहे.

'महिनाभर धार लावायची गरज नाही' असं तुझ्या खोक्यावर छापलेलं आहे. दादा, तू ह्याच नर्सरीच्या बांधावर वाढलास. सकाळी कलमेला बसायच्या आधी बायका दगड ओला करून धार लावतात. तिथेच चहा होतो, कोणाच्या सुनेचं काय बिनसलं ते तिथेच कळतं. तेवढा वेळ आमचा वाचव, असं त्यांच्यातली कोण तुला म्हणाली होती?

आता मुद्दा. जगदेवकाकांच्या नर्सरीत तुझा एक चाकू तुटला. हंगाम सुरू झाला त्याच आठवड्यात. काम करणाऱ्या एका बाईच्या हातात तुटला आणि तिला लागलं. दोन्ही तुकडे घेऊन मी मधे नागपूरला जाऊन आले आणि तपासले.

खरं सांगायचं तर ते स्टील खोटं निघावं असं मला वाटत होतं. साध्या पत्र्याला एम ३९० म्हणून कोणीतरी तुझ्या गळ्यात मारलं असेल, तू मूर्ख ठरशील आणि विषय संपेल. तसं झालं नाही. रचना बरोबर आली. स्टील अस्सल आहे.

पण पात्याला पाणी दिलं, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केलं, की ते जितकं कठीण होतं तितकंच ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवून ठेवायचं असतं; त्याने आतला ताण उतरतो. ह्याला टेम्परिंग म्हणतात. तुझ्या पात्याचं टेम्परिंग झालेलंच नाही. कठीणपणा रॉकवेल मापावर साठ-एकसष्टला थांबायला हवा होता, तो चौसष्टच्या वर गेला आहे. जगदेवकाकांकडे काही कोरे चाकू होते, तेही तपासले. सगळे तसेच. म्हणजे खेपच तशी आहे. प्रदर्शनाच्या तारखेसाठी भट्टीवाल्याच्या मागे लागून 'दोन दिवसांचं काम एका दिवसात काढलं' असं तू मला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतंस. कोणता दिवस गाळला, ते आता कळलं.

ह्याच खेपेतले चाकू कामरगावच्या नर्सरीत गेले आहेत. तिथे कलमा उशिरा सुरू होतात, म्हणून अजून कोणी हात लावलेला नाही. आणि केनवडला तू ते संक्रांतीचं वाण म्हणून देणार आहेस, असं जगदेवकाकांनी सांगितलं. नर्सरीवाल्याने हळदीकुंकू करायचं आणि कलमांवरच्या प्रत्येक बाईला एक 'सोजर' द्यायचा. केशरबाई, आईच्या ओळीत बसणारी, हे ऐकून म्हणाली, "वाणात चाकू? सवतीले बी कोनी देत नाही वो असं वाण." आपल्याकडे चाकू ह्या हातातून त्या हातात देत नाहीत, भांडण लागतं म्हणून, खाली ठेवतात आणि दुसरा उचलून घेतो. मी असलं काही मानत नाही. पण तू ज्यांना विकायला निघालास त्या मानतात, आणि तू त्यांच्याच घरातला आहेस.

तेव्हा एवढंच कर. कामरगावचे चाकू परत घे आणि केनवडचे पाठवू नकोस. वाण लुटायच्या आधी. तुझ्या दोन पानांवर माझं नाव येणार नाही.

पुण्यात थंडी आहे का आणि तू स्वेटर घालतोस का, असं आई विचारते आहे.

मंजुषा
(पदवी लिहिलेली नाही. चुकून छापशील.)


मेडशी,
६ जानेवारी २०२६

दादा,

तुझं उत्तर मिळालं. पत्राला व्हॉइस नोटने उत्तर देणारा तू पहिलाच नसशील. तू काय बोललास ते तुला आठवत नसेल, म्हणून उतरवून देते.

"मंजू, चाकू चाकू आहे, पेचकस नाही. लोकं त्याले मुरगळतात आन् मंग तुटला म्हनतात. कोन आहे ते बाई? तिले म्हना, सालीखाली पातं घालून पिळत नको जाऊ. ट्रेनिंग पायजे यायले. आन् तू काय, दोन तुकडे पाहून आख्ख्या खेपेले नाव ठेवून राह्यली. केनवडचं फिक्स आहे. आता नाही म्हनलं तं इज्जत जाते माही."

हे मी आईसमोर लावलं नाही.

आधी पिळण्याचं बघू. रोपाच्या सालीला उभी-आडवी चीर पाडायची, पात्याचं टोक सालीखाली सरकवायचं आणि मनगट जरासं वळवायचं. साल उचलली जाते आणि डोळा आत बसतो. इकडे सगळ्या बायका असंच करतात. काही चाकूंना साल उचलायला मागे वेगळी पट्टी असते. तुझ्याला ती नाही, कारण तिच्यामुळे खोक्यावरच्या फोटोत चाकू 'गावठी' दिसला असता. म्हणजे पातंच वळणार. ती त्या बाईची चूक नाही, तेच तिचं काम आहे. नेमकं ते काम करताना जो तुटतो त्याला तू चाकू म्हणू नकोस. आणि हे तुला माहीत नव्हतं असंही म्हणू नकोस. शाळेच्या सुट्टीत तू स्वतः डोळे चढवले आहेस. कोणाच्या शेजारी बसून, ते आठवून बघ.

आता त्या बाईचं.

डाव्या हातात रोप होतं. खोडाला मागून आधार द्यायला अंगठा लावलेला. चीर पाडून झाली होती. मनगट वळवलं तसं टोक तुटलं, पण हातातला जोर थांबला नाही, आणि उरलेलं पातं डाव्या अंगठ्याच्या बुडाशी शिरलं. ती ओरडली नाही. केशरबाई शेजारी होती. तिला कळलं ते वाफ्यातल्या मातीवर रक्त दिसलं तेव्हा. जगदेवकाकांनी गाडीत घालून अकोल्याला नेलं. अंगठा वाकवणारी दोरी तुटली होती. ऑपरेशन झालं. जखम भरली. अंगठा वाकत नाही. डोळा धरायला अंगठा आणि एक बोट लागतं, त्यामुळे तिचं ते काम संपल्यातच जमा आहे. डॉक्टर म्हणतात व्यायामाने फरक पडेल. किती, असं मी विचारलं तर त्यांनी चष्मा पुसला.

पण तिला अंगठ्याचं तेवढं दुःख नाही. तिचं म्हणणं आहे की हात चुकला. "इतके वर्षं झाले, कदी नाही चुकला. आता म्हातारा झाला हात." भेटायला येणारा प्रत्येक माणूस मान हलवतो. जगदेवकाकांनी तर पेढे आणले आणि म्हणाले, "लय केलं तुमी. आता आराम करा." माणसाला इतक्या गोडीने कामावरून काढताना मी पहिल्यांदा पाहिलं. जिने बसवलेला डोळा वाळत नाही म्हणून तालुक्याच्या मालेगावपासून लोक तिचं नाव घेऊन कलमा मागायचे, ती आता नर्सरीच्या वाटेकडे पाठ करून अंगणात बसते. तिकडून बायका कामावर जाताना दिसतात म्हणून.

मी तिला सांगितलं, चाकू खराब होता, हात चुकला नाही.

"तुले काय समजते नर्सरीतलं? तू तं मशीनीत पाह्यते."

मायक्रोस्कोपचा फोटो दाखवला.

"हे तं गारपिटीतलं वावर दिसते."

मी पुन्हा समजावलं. टेम्परिंग, ताण, ठिसूळपणा, सगळं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "तू लहानपनापासून त्याच्यावर जळते."

तू विचारलं होतंस, कोण आहे ती बाई. सोजरबाई. खोक्यावर नाव आहे.

तुला सांगायचं नाही, असं तिने मला बजावलं होतं. "देवानंदले नको सांगू. नवं नवं धंद्यात पडलं पोरगं. त्याचं मन मोडीन. आन् माह्या नावाचा चाकू मलेच लागला म्हनून लोकं हासतीन त्याले." मी हो म्हटलं नव्हतं. गप्प बसले होते, तिने ते हो समजून घेतलं. तुला तिने फोनवर काय सांगितलं तेही मी ऐकलं आहे: भाजी चिरताना विळीवर जरासं लागलं. तू म्हणालास, हळद लाव. मग दहा मिनिटं तू तिला प्रदर्शनातल्या स्टॉलबद्दल सांगत होतास. ती फोन उजव्या हाताने कानाला धरून हसत होती. डावा हात प्लास्टरमध्ये होता.

मी गप्प राहिले असते. तिच्यासाठी. पण जिला ट्रेनिंग पाहिजे ती बाई कोण, हे तू स्वतःच विचारलंस, आणि प्रश्नाला उत्तर द्यायची मला सवय आहे.

तर आता एकाऐवजी दोन कामं. पहिलं तेच. चाकू परत. केनवडच्या बायकांनाही प्रत्येकीला दोनच अंगठे आहेत. तू थांबवलं नाहीस तर त्या दिवशी मी केनवडची बस धरीन आणि हळदीकुंकवाच्या सतरंजीवर बसून माझा अहवाल वाचून दाखवीन. मला हळदीकुंकवाला जायची अजिबात आवड नाही, तरी जाईन.

दुसरं काम तुलाच करावं लागेल. इथे ये आणि तिला तुझ्या तोंडाने सांग, की चाकू खराब होता. फोनवर नाही, समोर बसून. माझ्यावर तिचा विश्वास नाही, माझ्या यंत्रावर नाही. तुझ्यावर आहे. ह्यात तुझा काही गुण नाही, तिची खोड आहे. पण तिचा हात चुकला नव्हता हे तिला पटवून देणारा जगात दुसरा माणूस नाही, आणि तू तिकडे इज्जत मोजत बसला आहेस.

ह्या वेळी अंगठ्याचं चित्र पाठवू नकोस.

मंजुषा


मेडशी,
३० जानेवारी २०२६

दादा,

पुण्याला नीट पोहोचलास असं तू बाबांना कळवलंस. मला नाही, ते योग्यच.

तुझ्या पहिल्या कामाबद्दल लिहायचं राहिलं होतं. 'अधिक प्रगत नवीन आवृत्ती येत असल्यामुळे जुने चाकू परत स्वीकारत आहोत.' हा तुझा संदेश कामरगावच्या नर्सरीवाल्याने मला फोनवर वाचून दाखवला आणि वर म्हणाला, "कंपनी असावी तं अशी, मॅडम." मी फोन ठेवला. केनवडच्या बायकांना वाणात स्टीलच्या वाट्या मिळाल्या. कोणत्या स्टीलच्या, ते मी विचारलं नाही. हात वाचले. तू ते खोटं बोलून वाचवलेस, पण वाचवलेस.

दुसऱ्या कामाला तू रथसप्तमीला आलास. मी स्वयंपाकघरात होते आणि तुला वाटलं मला ऐकू येत नाही. तू रस्त्याबद्दल बोललास. मग गाडीच्या अ‍ॅव्हरेजबद्दल. मग पुण्यातल्या पाण्याबद्दल. केशरबाई मुद्दाम बसून होती. तिने चहा निववून निववून पुरवला. आईने डावा हात पदराखाली ठेवला होता. एवढं सगळं बोलत असताना तू त्या पदराकडेच बघत होतास, हे मला दारातून दिसलं. नाहीतर मी बाहेर येऊन तुझ्या अ‍ॅव्हरेजचा निकाल लावला असता.

मग तू म्हणालास, "आई, माहा चाकू खराब होता."

"कोनता?"

"जो तुले लागला तो. भट्टीत जितकं ठेवाचं तितकं ठेवलंच नाही म्या. घाई केली."

"म्हंजे?"

"म्हंजे तुहा हात नव्हता चुकला."

आईने केशरबाईकडे बघितलं. मग म्हणाली, "जरा जोरानं म्हन. केशरबाईले कमी आयकू येते."

केशरबाईला तिसऱ्या घरातली कुजबुज ऐकू येते. पण ती लगेच म्हणाली, "हो बाप्पा, मले तं काहीच नाही समजलं."

तू पुन्हा म्हटलंस. जोराने. शेजारच्या अंगणातली माणसं वळून बघायला लागली.

"मंग इतके दिवस काहून नाही सांगतलं?"

आणि इथे तू तुझ्या मूळ स्वभावावर आलास. "मंजूनं मले उशिरा कळवलं."

तेवढं एक वाक्य तू गिळलं असतंस, तर मी हे पत्र वेगळ्या तऱ्हेने लिहिलं असतं. पण आई म्हणाली, "तिले मीच नाही म्हनलं होतं. तिच्यावर नको ढकलू." आपल्या घरात हे असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. त्याची नोंद घेतली, पुढे काही नाही.

त्यानंतर तिने तुला जे झापलं ते तुला पाठ असेल. "तुले डोळा चढवाले कोनी शिकोलं? सालीखाली पातं वळते, हे तुले मालूम नव्हतं?" केशरबाई मधे पडली, "जाऊ द्या वो बाई, पोरगं आहे." "पोरगं आहे म्हनूनच," आई म्हणाली. तू खाली मान घालून ऐकलंस. तुला इतका वेळ न बोलता बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग तिने तुला जेवायला वाढलं आणि तू भरपूर जेवलास.

तू गेल्यावरचं आता ऐक.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, डोक्याला तेल लावलं आणि नर्सरीत गेली. जगदेवकाका रोपांना पाणी देत होते. "माहा हात नव्हता चुकला," ती म्हणाली. "पोराचा चाकू खराब होता. त्यानं भट्टीत पुरा ठेवला नाही. इचारा त्याले." काका हो हो म्हणाले. तिला ते हो पुरेसं वाटलं नाही, म्हणून तिने ओळीतल्या प्रत्येक बाईला वेगळं सांगितलं. परवा अकोल्याला डॉक्टरांकडे जाताना बसमध्ये कंडक्टरला सांगितलं. त्याने तिकिटाशिवाय काही विचारलं नव्हतं. कामरगावची एक ओळखीची बाई आहे, तिला फोन लावून सांगितलं, आणि केनवडला मावशीच्या नणंदेला. कोणता चाकू, असं विचारलं की ती खोकं दाखवते. स्वतःच्या नावावर बोट ठेवून दाखवते. लाज नाही, संकोच नाही. उलट मान ताठ असते. बाबा म्हणतात, अशी बोलताना तिला त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं.

काकांनी तिला ओळीच्या तोंडाशी बसायला स्टूल दिलं आहे. नव्या मुली डोळे चढवतात आणि ती त्यांच्यावर ओरडते. मजुरी तीच. अंगठा वाकत नाही. तो वाकतो असं मी लिहिणार नाही.

नर्सरीवाल्यांसाठी मी एक अहवाल तयार केला होता. नीट, आकृत्यांसकट. तो पाठवला नाही. गरज उरली नाही. ह्या जिल्ह्यात तुझ्या चाकूचं आता काही होणार नाही, आणि कोणत्याही प्रयोगशाळेला हे इतकं पक्कं करता आलं नसतं.

स्टँडवर तू मला विचारलंस, एईबी-एल घेतलं आणि टेम्परिंग नीट केलं तर पुन्हा सुरू करता येईल का. तांत्रिक उत्तर: हो. पात्याला साल उचलायची पट्टी लाव, खोक्यावरची सगळी विशेषणं काढ, आणि प्रत्येक खेपेतला एक चाकू वाकवून तोडून बघ. विकायला दुसरा जिल्हा शोध. आईचं नाव वापरू नकोस. ते आता कामात आहे.

एक गोष्ट राहिली. मी नऊ तारखेला, सोमवारी, नागपूरला रुजू होते. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम सकाळ-संध्याकाळ दुसऱ्या कोणीतरी करवून घ्यायचा असतो. अंगठा बोटांत धरून अगदी सावकाश आत दाबायचा, थांबायचं, सोडायचं. तिला फार दुखतं. माझ्यापुढे ती रडत नाही, शिव्या देते. बाबांना तिचं दुखणं बघवत नाही. काल मी विचारलं, मी गेल्यावर कोण करेल, तर म्हणाली, "देवाले बोलाव. देवानंदचंच काम आहे हे."

तेव्हा ये. कसं करायचं ते मी तुला दाखवीन. घाई केलीस तर तिला दुखेल, आणि मग ती ते सगळ्या मेडशीला सांगेल.

वाट बघत नाही. आठ तारखेच्या रविवारपर्यंत इथे आहे.

मंजू